खोक्यावरचा नंबर

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि त्याचं कारण माझ्या घरात आहे. वडील तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत शिवणकाम करायचे. एकदा गिऱ्हाइकाचं रेशमी कापड हरवलं. पोलिसांनी वडिलांना दोन दिवस बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. गुन्हा शाबीत झाला नाही, पण पुढे वर्षभर कुणी त्यांच्याकडे कापड टाकलं नाही. आम्ही भाताच्या कांजीवर दिवस काढले. त्या घरातून मी पदवीधर झालो आणि थेट उपनिरीक्षक म्हणून भरती झालो. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला मीच. हे मी अभिमानानंच सांगतो.

तेव्हा गल्लोगल्ली कम्प्युटरचे वर्ग निघत होते, पण लॅपटॉप गावात मोजकेच. एका कॉलेजातल्या विभागाचा लॅपटॉप कपाटातून गेला, अशी तक्रार आली. दुसऱ्याच दिवशी आमचा खबरी, एक ऑटोवाला, म्हणाला, "सार, राजवाड्याजवळ कम्प्युटर शिकवणाऱ्या पोराकडे तसलाच आलाय. बिलबिल काही नाही."

पोरगा आमच्याच मराठी घरांतला निघाला. मशीन त्याच कंपनीचं, तेच मॉडेल. उलटं करून पाहिलं तर खाली चिकटवलेल्या पट्टीवरचा नंबर पुसलेला. माझे इन्स्पेक्टर हसले.

"चेसिस नंबर घासलेली मोटरसायकल आणि हे, यात फरक काय? संध्याकाळी अटक दाखवा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यातलाच ना? मग तमिळमध्येच विचारा. आम्हालाही कळू दे."

मी तमिळमध्येच विचारलं. नंबर कसा गेला?

"नवरात्रातल्या नवमीला, आयुधपूजेला, मशीनला गंध-कुंकू लावलं, सार. झाकणावर डाग नको म्हणून खालून लावलं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसलं, तर अक्षरंही निघाली."

"आणलंस कुठून?"

"चेन्नईहून. जुनं घेतलं. जुन्याला बिल कोण देतो, सार?"

पुन्हा पुन्हा, उलटसुलट विचारलं. उत्तर तेच, तेवढंच. खोटं बोलणारा दर फेरीला काहीतरी भर घालतो. यानं घातली नाही.

बाहेर त्याची आई बसली होती. मला बघून मराठीत म्हणाली, "तू शिवणाऱ्याचा लेक ना रे? मग तुला काय सांगू? एकदा चोर म्हटलं की त्याच्या वर्गाला पोरी कोण पाठवील?"

ठाण्याच्या फोनवरून बाहेरगावी बोलता येत नसे, म्हणून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून कंपनीच्या चेन्नईच्या दुरुस्ती केंद्राला फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, मशीन सुरू होता होता अमुक बटण दाबा, पडद्यावर नंबर येईल. तोच नंबर खोक्यावरही छापलेला असतो.

ठाण्यात येऊन बटण दाबलं. निळ्या पडद्यावर नंबर आला. आता कॉलेजचं खोकं हवं होतं. तक्रारदार प्राध्यापक म्हणाले, "ते घरी, माळ्यावर. कोलूच्या बाहुल्या ठेवतो त्यात." आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो कोलू.

मी आणि एक हवालदार त्यांच्या घरी गेलो. हवालदारानं खोकं उतरवलं आणि म्हणाला, "बाहुल्या दगडाच्या आहेत काय, सार?" खोक्यावरच्या नंबराचा पोराच्या नंबराशी काही मेळ नव्हता. तेवढ्यानं माझं काम झालं होतं, पण त्या वजनाचं काय? बाहुल्या काढायला सांगितल्या. धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले राजा-राणी, वाणी-वाणीण बाहेर आले. तळाशी लॅपटॉप.

प्राध्यापकांची आई शांतपणे म्हणाली, "सरस्वतीपूजेला पुस्तकांबरोबर तूच आणून मांडलास की. आवरताना मी त्याच्याच खोक्यात घातला. दुसरीकडे कुठं ठेवू?"

"अम्मा, मी समजलो तो कॉलेजात परत नेऊन ठेवला. मला सांगायचं तरी."

"तू मला विचारलंस कुठं? तू पोलिसांना विचारलंस."

हवालदार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी मशीन उलटं केलं. खालच्या पट्टीवर सुकलेलं गंध, त्याखाली अर्धे पुसलेले आकडे. तिथंच सुरू करून बटण दाबलं. नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळला.

इन्स्पेक्टरांनी दोन्ही नंबर स्वतः ताडून पाहिले. पोराला म्हणाले, "पुढच्या वर्षी गंध झाकणावर लाव." तोच त्यांचा दिलगिरीचा शब्द होता. वस्तुस्थितीचा गैरसमज, असा शेरा मारून फाईल बंद झाली.

नोकरीत मी पुसलेले नंबर पुष्कळ पाहिले, आणि बहुतेक ठिकाणी पुसणारा चोरच होता. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. नेहमी खरं ठरणारं अनुमान एखाद्या दिवशी खोटं ठरतं, आणि त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाचं आयुष्य तुमच्या हातात असतं. माणसाला दरडावण्याआधी त्या घरात कोणत्या दिवशी काय करतात, हे विचारावं. नंतर मी नव्या पोरांना हेच शिकवलं.

काही वर्षांनी त्या पोराला परदेशी नोकरी लागली. पासपोर्टच्या पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर आला. ठाण्याचं सगळं दप्तर तपासून मी लिहिलं, 'याच्याविरुद्ध कोणतीही नोंद नाही', आणि खाली सही केली.