चपलांजवळची खोडरबरं

मेश्राम बाईंच्या घरात शिरताना दोन गोष्टी दाराबाहेर ठेवाव्या लागत, चपला आणि खोडरबर. चपलांशेजारी कान तुटलेला एक कप असे. त्यात सगळ्यांनी आपापली खोडरबरं टाकायची आणि शिकवणी संपली की उचलून न्यायची. माझं स्ट्रॉबेरीच्या वासाचं होतं. ते कोणीतरी ढापेल, या काळजीत माझा पहिला अर्धा तास गेला.

मी तेव्हा दहावीला गणितात नापास झाले होते. जुलैत फेरपरीक्षा होती. बाबा कळमन्याच्या बाजारात टेम्पो चालवायचे. ते रागावले नाहीत, फक्त जेवता जेवता म्हणाले, "या टायमाले पास झाली तं शिक पुढं. नाई झाली तं इतवारीत मावशीच्या शिलाई मशीनवर बसजो." मावशीचं दुकान काही वाईट नव्हतं. पण मला कॉलेजात जायचं होतं आणि वाटेत हे गणित आडवं पडलं होतं.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी. खडूची सवय सुटली नव्हती, त्यामुळे बोलताना बोटं एकमेकांवर घासत राहायच्या. व्याख्या पुस्तकी मराठीत सांगायच्या आणि रागवायच्या मात्र अस्सल नागपुरीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझी वही उजेडाकडे धरली. खोडून खोडून कागदाला जागोजागी भोकं पडली होती.

"काहून वं, ही वही हाय का चाळणी?"

बाकीच्या पाचजणी खो खो हसल्या. मला रडूच आलं. बाईंनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं आणि आपली पद्धत सांगितली. चुकलेली पायरी खोडायची नाही. तिच्याभोवती गोल करायचा, शेजारी 'काहून?', म्हणजे 'कशामुळे?', असं लिहायचं आणि त्याचं उत्तर सापडेपर्यंत पुढची पायरी लिहायची नाही. "खोडलं का चूक गेली, असं वाटते तुले. थे जात नाई पोरी, लपून बसते. अन् परीक्षेत बरोबर बाहेर येते."

अशाने तासाभरात एकच गणित व्हायचं. एका मुलीची आई तक्रार घेऊन आली की दुसऱ्या शिकवणीत तासाला वीस गणितं होतात. बाई शांतपणे म्हणाल्या, "होत असतीन. माह्याकडं एकच होते, पण पुरं होते."

मला त्यांनी थेट आठवीच्या गणितापासून सुरुवात करायला लावली. दहावीत आलेल्या मुलीला हा अपमानच. पण पहिल्याच गणितात माझं पितळ उघडं पडलं.

२x − (x − ३) = १०

मी कंस सोडवला, २x − x − ३ = १० लिहिलं आणि x = १३ असं ऐटीत उत्तर दिलं. "ताळा कर," बाई म्हणाल्या. तेराची दुप्पट सव्वीस, त्यातून दहा गेले, उरले सोळा. पाहिजे होते दहा. कंसाआधी वजा असलं की आतली सगळी चिन्हं बदलतात. मी पहिलं बदलायची आणि दुसरं विसरायची. दोन आठवड्यांत माझ्या वहीत या एकाच चुकीचे अकरा गोल झाले. दर गोलागणिक मला मावशीच्या मशीनची घरघर ऐकू यायची.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना, सकाळी सातच्या सुमारास बाई आमच्या दारात उभ्या. छत्री गळत होती, साडीचा काठ चिखलाने भरलेला.

"वही आन पोरी. कालच्या गणितात मी चुकली."

आदल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक मोठं गणित सोडवलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते उतरवून घेतलं होतं. त्यात कंसाआधीचा वजा आला होता, आणि बाई दुसरं चिन्ह बदलायला विसरल्या होत्या. माझीच चूक! त्यांनी माझ्या वहीत लाल पेनाने गोल केला, शेजारी 'काहून?' लिहिलं आणि त्याखाली 'घाई केली' असं लिहून सही ठोकली.

बाबा चहाचा कप हातात घेऊन पाहतच राहिले. "बाई, आज शिकवणीत सांगतलं असतं तरी चाललं असतं ना."

"तवापर्यंत पोरगी चूक पाठ करन भाऊ. पाठ झालेली चूक काढाले लई दिवस लागते. अजून चार घरं जायचं हाय मले."

चहाही न घेता त्या गेल्या. त्या सकाळपर्यंत मला वाटायचं, चुका फक्त ढ मुलींच्या होतात. त्या दिवसापासून मी माझ्या गोलांना लाजायचं सोडलं.

परीक्षेत शेवटच्या मोठ्या गणिताचा ताळा जुळेना. पंधरा मिनिटं उरली होती. सगळ्यावर काट मारून मोकळं व्हावं, असं मनात आलं. मग प्रत्येक पायरीवर बोट ठेवून विचारत गेले, काहून? चौथ्या पायरीवर तोच कंस, तोच वजा. मी पास झाले. बाबांनी बाईंकडे संत्र्यांची पेटी पोचवली आणि मावशीकडचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

आज मी उमरेडला गणित शिकवते. गेल्या वर्षी बाईंना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली. डॉक्टरांनी डाव्या हाताने लिहायची सवय करायला सांगितलं होतं, म्हणून मी वही-पेन्सिल घेऊन गेले आणि आमचं जुनं गणित मांडून दिलं. बाईंनी घामाघूम होत कंस सोडवला. लिहिलं, २x − x − ३. मला ते बघवेना. आजारी माणसाची चूक कशाला ठेवायची, म्हणून मी पेन्सिल हळूच घेतली आणि उलटी केली. तिच्या मागे गुलाबी खोडरबर होतं.

बाईंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. आजारी बाईच्या हातात इतका जोर असेल, असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी बोट दाराकडे केलं, चपलांकडे.

मी दातांनी ते खोडरबर उपटलं आणि बाहेर चपलांजवळ ठेवून आले. परत आले तेव्हा चुकलेल्या पायरीभोवती एक वाकडातिकडा गोल झाला होता, आणि बाई शेजारी 'का' लिहून पुढच्या अक्षराशी झगडत होत्या.