सगळ्यांची साखर

बोलताना तो समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायचा आणि म्हणायचा, "भरोसा ठेवा भाऊ, फरक पडतेच." तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. आधी हात धरतो, मग नाव विचारतो. याचं नाव मात्र मी घेणार नाही, तोंड विटाळतं.

माझं रामदासपेठेत औषधांचं दुकान आहे. तो एका कंपनीचा एमआर होता. काळी बॅग, कडक इस्त्री आणि मधुमेहाच्या गोळ्या. गोळीत काय असतं हे त्याला धड सांगता यायचं नाही, पण डॉक्टरांच्या बायकांचे वाढदिवस पाठ असायचे. कंपनीने त्याला काढलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, हेही कबूल करतो.

वर्षभरात तो रामटेक रस्त्यावर भगवी शाल पांघरून बसला. टायच्या जागी माळ आली, बोलणं तेच. आधी वीस-पंचवीस भोळे, मग दर गुरुवारी बसगाड्या. भक्तांनी आपली औषधं पाण्याच्या घंगाळात सोडायची आणि बरं व्हायचं, एवढाच उपचार. ज्या गोळ्या खपवायला त्याने माझा उंबरठा झिजवला, त्या आता पाप ठरल्या. शिकलीसवरलेली माणसं गाडीतून उतरून, रांग लावून त्या बुडवत होती.

गंमत अशी, की साखर त्यालाही होती. दर महिन्याला त्याचा चेला चिठ्ठी घेऊन यायचा आणि महाराजांचं इन्सुलिन माझ्याच दुकानातून न्यायचा. मी मनातल्या मनात हसून द्यायचो. गिऱ्हाइकाचं दुखणं चार लोकांत सांगू नये, हा धंद्याचा नियम मी पाळला. आज त्याची लाज वाटते.

कारण एका महिन्यात पारशिवनीची माझी मावशी तिचं इन्सुलिन न्यायला आलीच नाही. मी तिच्या घरी गेलो. आधी नेलेलं तिने घंगाळात सोडलं होतं.

"मावशी, तो सोता टोचून घेते. मीच देतो त्याले," मी म्हणालो.

"मले माहीत आहे गा," ती शांतपणे म्हणाली. "आमची साऱ्यायची साखर त्यायनं आपल्या अंगावर घेतली. म्हून त्यायले टोचा लागते."

महाराजांनी हे गुरुवारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. धंदा त्याला माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

पुढे औषधं बुडवलेले एक मास्तर आश्रमातच दगावले. पोलीस आले तेव्हा महाराज मागच्या भिंतीवरून उतरताना सापडले. आठवड्यात आश्रम ओस पडला. घंगाळसुद्धा कोणीतरी उचलून नेलं. कालचे भक्त सांगू लागले, आम्ही तर फक्त प्रसादाला जात होतो.

मावशीचा उजवा पाय तोवर काळा पडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्या दिवशी नर्स इंजेक्शन भरून आली, तर मावशीने दंड पदराखाली झाकून घेतला आणि मला जवळ बोलावलं.

"तिकडं जेलात त्यायले भेटून राहिलं असन ना गा इंजेक्शन?"

"भेटते," मी म्हणालो.

तेव्हा कुठे तिने दंड पुढे केला.