शेडमधला सर्व्हर

मी कोल्हापुरात कॉम्प्युटरचे वर्ग घेते. मावसभावाच्या इचलकरंजीतल्या यंत्रमागांसाठी एक छोटं अ‍ॅप केलं होतं. माग बिघडला की विणकरानं मोबाइलवर मागाचा नंबर दाबायचा. वेळेसकट नोंद व्हायची आणि माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला अ‍ॅपमध्येच निरोप दिसायचा. कापड खराब निघालं की दोष विणकराच्या माथी येतो आणि नुकसान पगारातून कापलं जातं. बिघाड आपण आधीच कळवला होता, हे दाखवायला या नोंदींशिवाय त्याच्याकडे काही नव्हतं.

अ‍ॅप कंटेनरमध्ये बांधलेलं होतं. म्हणजे चालायला लागणारं सगळं एका डब्यात. डबा उचलून कुठल्याही सर्व्हरवर ठेवला की चालतो. कुठे ठेवायचा एवढाच प्रश्न, पण त्यात माझे दोन आठवडे गेले. एक जागा फुकट मिळत होती, पण वापर नसला की ती अ‍ॅपला झोपवायची आणि उठवायला अर्धं मिनिट लावायची. चार माग सांभाळणारा माणूस अर्धं मिनिट मोबाइलकडे बघत थांबत नाही. दुसरीकडे भाडं कमी, पण नोंदी साठवायचे पैसे वेगळे आणि बिल डॉलरमध्ये. शेवटी मुंबईतला एक सर्व्हर पटला. रोजचा बॅकअप धरून महिन्याचं भाडं गॅसच्या एका सिलिंडरएवढं.

मावसभावाला तेही जास्त वाटलं. "अक्का, भाडं कशाला भरायचं? शेडच्या ऑफिसात कॉम्प्युटर पडून हाय की."

मी सांगितलं, माग चालू असले की ऑफिसची फरशीसुद्धा थरथरते आणि सुताची धूळ कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसते. तो म्हणाला, टीव्हीला तर काही झालं नाही. यावर तीनदा फोन झाले. चौथ्या फोनला मी हो म्हणाले. दमले होते. नोंदींची रोज नक्कल निघेल अशी सोय केली आणि ती नक्कल ऑफिसातल्या त्याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवली. बाहेर पाठवायचं नंतर बघू, म्हटलं. वर्गात मुलांना मी हीच चूक करू नका म्हणून सांगते.

सात महिन्यांनी डिस्क गेली. मी घरी बसून डबा मुंबईच्या सर्व्हरवर चढवला. अर्ध्या तासात अ‍ॅप सुरू झालं. आत एकही नोंद नव्हती. नोंदी डब्यात नव्हत्याच, त्या डिस्कवर होत्या.

त्याच आठवड्यात व्यापाऱ्यानं दोन मागांचं कापड खराब म्हणून परत पाठवलं. त्या मागांवरचा विणकर वीस वर्षं तिथेच काम करणारा. ते विणताना माग बिघडले होते आणि आपण तीन दिवस नंबर दाबत होतो, असं त्याचं म्हणणं. मावसभावानं मला बोलावून घेतलं. मी एसटीनं गेले.

ऑफिसात मावसभाऊ, विणकर आणि मी, आम्ही तिघंच होतो. मावसभाऊ म्हणाला, "दाखीव अक्का, नोंद कुठं हाय?"

"नाही. गेली."

"मग मी कुणाचं खरं मानू?"

जॉबरला विचारून झालं होतं. त्याला आठवत नव्हतं, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं. विणकर माझ्याकडे बघत होता. नोंद मी पाहिली होती असं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण मी पाहिली नव्हती.

"भाडं तू वाचवलंस, हो मी म्हणाले," मी त्याला सांगितलं. "नोंद आपण दोघांनी घालवली. त्याच्या पगाराला हात लावायचा असेल तर आधी माझं अ‍ॅप बंद कर."

त्यानं बिलबुक ओढून दोन पानं चाळली. मग म्हणाला, "या बारीला सोडतो. सर्व्हरचं भाडं किती ते सांग."

बाहेर आल्यावर मी विणकराला सांगितलं, आता नोंदी मुंबईला असतात आणि त्यांची नक्कल तिसरीकडे.

"बरं हाय, मॅडम," तो म्हणाला. "पर मी भितीवर खडूनं बी लिवणार."

"तारीखही लिहा," मी म्हणाले, आणि स्टँडकडे चालू लागले.