हेलासियोची पावलं

हेलासियो खेचरवाला मरायला टेकला, तेव्हा गावात सगळ्यांना एकच काळजी पडली. हा माणूस पावलं वेचून संपवणार कधी?

आमच्याकडे माणूस जाण्याआधी त्याचा जीव उठतो आणि आयुष्यभर जिथे जिथे चालला तिथली आपली पावलं गोळा करत हिंडतो. शेवटचं पाऊल उचललं की सुटला. गावातल्या शिंप्याचं दोन दिवसांत आटोपलं होतं. त्याचं घर, दुकान, देऊळ आणि दारूचा गुत्ता एकाच गल्लीत होतं. हेलासियोची गोष्ट निराळी. एकेचाळीस वर्षं तो परदेशी पाहुण्यांचं सामान खेचरांवर लादून वायवाशच्या बर्फाच्या डोंगरांना वळसे घालत होता. एक वळसा आठ दिवसांचा. दर दिवशी एक खिंड चढायची, उतरायची, आणि संध्याकाळी कुठल्यातरी तळ्याकाठी तंबू ठोकायचे. असे वळसे किती झाले, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"मद्रिना, बाबाला वेळ लागेल," त्याची लेक लुसमिला मला म्हणाली. "तू जा कामावर. तू थांबून काय होणार?"

लुसमिलाच्या बाप्तिस्म्याला मी तिची धर्ममाता झाले, म्हणून ती मला मद्रिना म्हणते आणि हेलासियो कोमाद्रे म्हणायचा. माझं नाव एमेतेरिया. त्याच्याच काफिल्यात मी बावीस वर्षं स्वयंपाक केला. तो पहाटे खेचरं शोधून आणायचा, मी स्टोव्ह पेटवायचे. दिवसभर आमचं भांडण चालायचं.

"कोमाद्रे, हे सूप आहे की तळं? मघापासून मासा शोधतोय."

"बटाटे तुमच्या लाडक्या खेचराने खाल्ले. त्याला विचारा."

खेचरांना त्याने आमच्या भागातल्या जुन्या नगराध्यक्षांची नावं दिली होती. कामचुकार कोण, चावरा कोण, भर चढावर बसकण कोण मारतो, हे बघून तो नाव ठरवायचा. एकदा खुद्द एक माजी नगराध्यक्ष आमच्याबरोबर चालायला आले आणि आपल्या नावाने चाबूक वाजताना ऐकून दोन दिवस काफिल्याच्या पार मागून चालले. हेलासियोने नाव काही बदललं नाही. खिंडीत पोचला की दगडांच्या राशीवर डोंगराला म्हणून कोकाची तीन पानं ठेवायचा, मग माणसं मोजायचा, आणि पुन्हा एकदा मोजायचा. त्याच्या हातून डोंगरात कधी कुणी हरवलं नाही. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. खेचराने पाय दिला, असं तो सांगायचा. गाव ते खरं मानायचं. ते खरं नाही हे फक्त मला ठाऊक होतं.

तर त्याला घोंगडीखाली तसाच सोडून मी पाहुण्यांच्या टोळीबरोबर निघाले. नाही निघाले तर माझ्या जागी दुसरी बाई घेतली असती.

तिसऱ्या दिवशी कार्वाकोचा नावाच्या तळ्याकाठी समोरून एक काफिला आला. त्यातला खेचरवाला टोपी काढून म्हणाला, "तुमचा म्हातारा काल वाटेत भेटला. खेचरं नव्हती बरोबर. हाक मारली तर बघितलं पण नाही. खाली मान घालून, एक एक पाऊल बघत चालला होता." सगळ्यांनी कोकाचं पान तोंडात टाकलं आणि 'बरं चाललंय त्याचं' म्हणून माना हलवल्या. मीही हलवली. पण भाजलेला मका चावताना माझे दात एकमेकांवर आपटत होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही कुयोक खिंडीच्या पायथ्याशी पोचलो. तिथे दोमितिला नावाची मेंढपाळीण एकटी राहते. वय कुणालाच माहीत नाही, आणि तिच्यापासून काही लपवता येत नाही. मी तिच्याकडे चीज घ्यायला गेले.

"तुझा हेलासियो वर अडकलाय," ती मेंढ्या कोंडता कोंडता म्हणाली.

"माझा कुठला? सगळ्या गावाचा आहे."

"बरं बाई, गावाचा. परवापासून खिंडीत चढतो, पलीकडे चार पावलं उतरतो, परत येतो. मेंढ्या त्या बाजूला चरायला जाईनात." तिने फाटकाला दोरी बांधली. "असं कधी होतं, माहितीये? चप्पल त्याची आणि पाय दुसऱ्याचा. ते पाऊल त्याच्या नावावर पडतं, पण त्याला उचलता येत नाही. ज्याने घातली होती, त्याने तीच घालून ती वाट उलटी चालायची. मग सुटतं. कुणी घातल्या होत्या का गं त्याच्या चपला?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणाले. "मी स्वयंपाक करते. चपला मोजत नाही."

तिने चीज कापडात बांधलं. मी चीज घेतलं आणि निघाले.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. काफिल्यात मी तशी नवीच होते, तिसरंच वर्ष. ओले बूट स्टोव्हजवळ वाळत ठेवले आणि ते जळले. खिंडीत गुडघाभर बर्फ होतं. काफिल्याच्या मालकाला कळलं असतं तर 'बाईमाणसाला घेऊन हेच होतं' म्हणून त्याने मला खालच्या गावातूनच परत पाठवलं असतं. राशीपर्यंत मी जळक्या बुटांनी कशीबशी चढले, तिथे हेलासियोने आपल्या टायरच्या चपला आणि लोकरी मोजे काढून माझ्या पुढ्यात टाकले. स्वतःच्या पायांना बटाट्याच्या पोत्याचं गोणपाट गुंडाळलं, आणि खिंड उतरून पलीकडच्या कुरणापर्यंत तो तसाच चालला. गावी गेल्यावर त्याची बोटं काळी पडून गळाली. त्याने खेचराचं नाव घेतलं.

चपला त्याने परत मागितल्या नाहीत. मी दिल्या नाहीत. माझ्या स्वयंपाकाच्या पेटीत, तळाशी, पिठाच्या पिशवीत त्या अजून होत्या.

त्याची बायको फेलिसितास माझी मैत्रीण होती, आणि मी तिच्या घरात कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. तोवर आम्ही दोघंही म्हातारे झालो होतो आणि लाज वाटायची. पण खरं सांगते, मी त्या माणसावर प्रेम केलं. बावीस वर्षांत त्याचं असं माझ्याजवळ एवढंच होतं, खिंडीतली अर्ध्या दिवसाची पावलं. तीही त्याला परत करायची? आणि तो तिथे अडकून राहिला तर दर खेपेला मला भेटेल. हा विचार माझ्या मनात आला. आला, हे मी लपवत नाही.

सकाळी आम्ही खिंड चढलो. मी माझेच बूट घातले होते. वर ताजं बर्फ पडलेलं, आणि त्यात अनवाणी पावलं उमटलेली. वर गेलेली, परत आलेली, पुन्हा वर गेलेली. डाव्या पायाला तीन बोटं. एका पाहुणीने फोटो काढला आणि हे काय म्हणून विचारलं. वाटाड्या म्हणाला, कोल्हा. तो शहरातला पोरगा, त्याला काय कळणार. खेचरं मात्र राशीपाशी थांबली आणि कान मागे टाकून उभी राहिली. मला माझ्या उजव्या खांद्यामागे श्वास ऐकू येत होता. चढून दमलेल्या माणसाचा, ओळखीचा. मी मान वळवली नाही. राशीवर पानं ठेवली नाहीत. बूट आपटत पलीकडे उतरले.

वाय्यापा गावात एका पाहुण्याचं पोट बिघडलं म्हणून मुक्काम वाढला. मी भात शिजवला, कपडे वाळत घातले, भांडी दोनदा घासली. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गावाकडून एक खेचरवाला मीठ घेऊन आला. त्याला मी हेलासियोचं विचारलं.

"कसला जातोय! ना इकडे ना तिकडे. घोंगडीखाली पाय हलतात नुसते. लुसमिला कापसाने पाणी पाजते. आणि रडतो गं तो. डोळे मिटलेले, आवाज नाही, पण पाणी वाहतं. हेलासियोला कधी रडताना पाहिलंयस?"

मी पाहिलं नव्हतं. बोटं गेली तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वाटाड्याला सांगितलं की प्रेशर कुकर दोमितिलाकडे विसरलाय. "कुकरसाठी खिंड चढणार? वेड लागलंय का मावशी?" तो ओरडला. मी म्हणाले, लागलंय. कुरणापर्यंत बुटांनी गेले. तिथे दगडावर बसून बूट गाठोड्यात टाकले आणि चपला पायात घातल्या. टायर एकोणीस वर्षांत तसूभर झिजला नव्हता, पाय मात्र आता सुजट झालेत. वाट उलटी चालायची म्हणजे पश्चिमेकडून वर. पहिल्या शंभर पावलांतच बर्फ बोटांत शिरलं.

थोड्या वेळाने मागून पावलं ऐकू येऊ लागली. माझं पाऊल उचललं की त्याच जागी दुसरं टेकायचं. मी थांबले की तीही थांबायची. भीती वाटली का? वाटली. तरी मी बोलत राहिले, भांडल्यासारखी. "अहो, सरळ मागितल्या असत्या चपला तर मी दिल्या नसत्या का? लोकांपुढे खेचराचं नाव कशाला?" मागून फक्त श्वास. राशीपाशी पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. मी पानं ठेवली आणि म्हणाले, "झालं. घ्या सगळी. जा आता."

पुढे पायथ्याकडे उतरले. मागे एकच आवाज होता, माझ्याच चपलांचा.

दोमितिलाने माझे पाय कोमट पाण्यात बुडवले आणि गरम बटाट्याचं सूप दिलं. चपला तिने चुलीत घातल्या. टायरचा काळा धूर झाला, दोघी खोकलो.

मी परत खिंड ओलांडून, वाय्यापावरून, चौथ्या दिवशी गावात पोचले. हेलासियोला पुरून झालं होतं. पाचव्या दिवशी आमच्याकडे गेलेल्याचे कपडे नदीवर धुतात. लुसमिला आणि मी त्याचा अंगावर घ्यायचा जाड लोकरी पोंचो घेऊन पाण्यात उभ्या राहिलो.

"सुखाने गेला गं बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी दुपारी सूर्य डोक्यावर होता. इतके दिवस वाचा गेलेली, आणि एकदम डोळे उघडले. हसला. म्हणाला, 'तीन दिवस वाट बघितली. या बाईचं आवरतच नाही लवकर.' बस. तेवढंच बोलला आणि गेला."

माझ्या हातातला साबण पाण्यात पडला आणि वाहून गेला. तीन दिवस. मी त्याला मागे टाकून उतरले तेव्हापासून तो बर्फात उभा होता, माझ्यासाठी, आणि मी येणार हे त्याला ठाऊक होतं.

"आईच न्यायला आली होती ना, मद्रिना?" लुसमिलाचे डोळे भरले होते, पण चेहरा इतका निवांत मी तिच्या आईच्या मरणानंतर पाहिला नव्हता. "तिलाच म्हणाला असणार. मला तर तेवढ्यानेच बरं वाटलं."

फेलिसितास आयुष्यात कधी उशिरा आली नाही. बाजारात पहिली, देवळात पहिली, मरायलाही सगळ्या मैत्रिणींत पहिली. सगळ्यांत मागे राहायचे ती मी. तळावरची भांडी आवरून होईपर्यंत हेलासियो खेचर धरून उभा असायचा.

"हो गं," मी म्हणाले. "तुझी आईच. तिचं कधीच आवरायचं नाही लवकर."

लुसमिला रडता रडता हसली. मग आम्ही पोंचोची दोन टोकं धरली आणि तो पिळला.