एक वस्तू, दोन नावं

माझं लग्न ठरलं त्याच सुमारास मला जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायला पहिली बॅच मिळाली. दांडिया बाजारात एका फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावर आमची इन्स्टिट्यूट होती. त्या वर्षांत बडोद्यात जो तो कॉम्प्युटर शिकायला निघाला होता. ज्यांना दुसरं काही सुचत नव्हतं त्यांनाही घरचे तिथे पाठवत. खालून तळणाचा वास वर यायचा आणि खोलीत एसीचा गारवा असायचा.

मी बोलणारी मुलगी नव्हते. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, रस्त्यावर गुजराती. तिन्हीकडे कमीत कमी शब्दांत भागवायची सवय लागली होती. फळ्यापाशी मात्र बरं वाटायचं. तिथे काय बोलायचं ते आधी ठरवून येता यायचं.

होणाऱ्या सासरी मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. तशी ती आमच्याकडेही होती. आईचं माहेरचं नाव मला मामाच्या तोंडून कळलं, तेही मी बरीच मोठी झाल्यावर. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. माझं नवं नाव साखरपुड्यातच ठरलं होतं. सगळ्यांनी ते एकदोनदा म्हणूनही पाहिलं, नवीन चप्पल घालून दुकानात चार पावलं चालून बघतात तसं.

मला माझं नाव ठेवायचं होतं. एवढंच हवं होतं. ते बाबांनी ठेवलं होतं. बाबा प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. संध्याकाळी क्वार्टर्सच्या जिन्याखाली सायकल लावता लावता ते मला खालूनच हाक मारायचे. पूर्ण नावाने, लाडाने न मोडता. ती हाक ऐकली की आई चहा टाकायची. ते नाव काय होतं हे मी इथे लिहिणार नाही.

हे सासरच्यांना सांगण्यासाठी मी एक वाक्य तयार केलं होतं. ते इंग्रजीत होतं, कारण अवघड गोष्टी मला इंग्रजीतच सुचायच्या. तेच मराठीत मनातल्या मनात म्हटलं की उद्धट वाटायचं. म्हणून ते तसंच राहत गेलं.

बॅचमध्ये बहुतेक कॉलेजची मुलं होती. जवळच्या पादरा गावाहून बसने येणारा एक मुलगा होता, जो प्रत्येक प्रश्न गुजरातीत विचारायचा. आणि एक काकू होत्या. मुलगा अमेरिकेला गेल्यावर ई-मेल शिकायला आल्या आणि ते शिकून झाल्यावर फी भरलीच आहे म्हणून जावाला बसल्या.

क्लास आणि ऑब्जेक्ट शिकवायचे होते. पुस्तकातलं बँकेच्या खात्याचं उदाहरण मी फळ्यावर लिहिलं, तर सगळे फळ्याकडे बघत बसले. मग मी पडदा सरकवला. खाली रस्त्याच्या कडेला स्कूटर्सची रांग होती.

"या सगळ्यांमध्ये सारखं काय आहे?" मी विचारलं.

"सगळ्या चुकीच्या जागी लावल्यात," काकू म्हणाल्या. पोरं हसली.

पण त्यातूनच पुढे गेलं. प्रत्येक स्कूटरला नंबर असतो, रंग असतो, टाकीत काही पेट्रोल असतं. प्रत्येक स्कूटर सुरू होते, थांबते, हॉर्न देते. स्कूटर म्हणजे काय, एवढंच जिथे लिहून ठेवलेलं असतं तो क्लास. त्याला स्वतःचा नंबर नाही, त्यात पेट्रोल नाही. खाली उभ्या आहेत ते ऑब्जेक्ट्स. एकीत पेट्रोल भरलं म्हणून शेजारच्या स्कूटरची टाकी भरत नाही. नुसता क्लास लिहिला आणि ऑब्जेक्ट बनवलाच नाही, तर प्रोग्रॅम तक्रार करणार नाही, पण काही होणारही नाही. "स्कूटर या शब्दावर बसून पादऱ्याला जाता येत नाही," मी म्हणाले. तो मुलगा खूश झाला. त्याच्या गावाचं नाव फळ्यापाशी कोणी घेतलं नसावं.

अडलं ते पुढच्या ओळीवर. एक स्कूटर बनवली, तिला एक नाव दिलं. मग खाली लिहिलं, दुसरं नाव = पहिलं नाव. आता स्कूटर किती? सगळे म्हणाले, दोन. मी चालवून दाखवलं. दुसऱ्या नावाने पेट्रोल भरलं, पहिल्या नावाने टाकी बघितली, तर तिथेही तेवढंच पेट्रोल. त्यांना ते लबाडीसारखं वाटलं. मी दोनतीन वेळा समजावलं. मग, असं का झालं मला माहीत नाही, मी ठरवून न आणलेलं एक उदाहरण दिलं.

"समजा एक मुलगी आहे. लग्नात तिचं नाव बदललं. आता मुली किती?"

"एकच," सगळे एका आवाजात म्हणाले. ओळ समजली होती.

पादऱ्याच्या मुलाने हात वर केला. "तो पछी जूनुं नाम क्यां गयुं, मॅडम?"

जुनं नाव कुठे जात नाही, मी म्हणाले. ज्याला त्या नावाने बोलवायचं असेल तो बोलवू शकतो, मुलगी तीच येते. पण हळूहळू त्या नावाने कोणी बोलवत नाही. मग ते नाव नुसतं असतं. आणि एखाद्या ऑब्जेक्टला कुठल्याच नावाने कोणी धरून ठेवलं नाही, तर जावा त्याला स्वतःहून पुसून टाकतं. आपल्याला कळवत नाही.

"पण एक नाव आहे तोवर काही बिघडत नाही ना?" काकूंनी विचारलं.

"प्रोग्रॅमचं काही बिघडत नाही," मी म्हणाले.

मी पाठ फिरवून फळा पुसला.

काकू माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या भिशीत होत्या. हे मला माहीत नव्हतं. बडोद्यात मराठी माणसं इतकी एकमेकांना लागून आहेत की हे आधीच धरून चालायला हवं होतं. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. मी उदास दिसले, म्हणून त्यांनी काळजीने सासूबाईंना सांगितलं.

रविवारी सासूबाई आमच्याकडे आल्या, हिरव्या चिवड्याचा डबा घेऊन. बरोबर माझे होणारे मिस्टर होते, रिफायनरीतली रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. सासूबाईंनी माझा हात हातात घेतला.

"अगं, नाव आवडलं नाही तर सांगायचं नाही का? आम्ही काय राक्षस आहोत?"

माझं वाक्य ओठांवर आलं. पहिला शब्दही जुळवला होता.

"मी काल बसून दुसरी नावं काढलीत," त्या म्हणाल्या. "सगळी याच्या नावाला शोभतील अशी. तुला हवं ते घे. जुन्या काळासारखं लादायचं नाही कोणावर."

आणि त्यांनी ती नावं म्हणून दाखवली, साड्या उलगडाव्यात तशी, एकेक, माझ्या चेहऱ्याकडे बघत.

"घे ना बघून," ते म्हणाले. "चॉइस तुझा आहे. मला कोणी विचारलं असतं ना, मी पहिला बदललं असतं. शाळेत काय चेष्टा व्हायची माझ्या नावाची!"

बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर कृतज्ञता होती. "बघ बेटा," ते म्हणाले, "किती मोठ्या मनाची माणसं. आमच्या वेळी कोण विचारत होतं?"

आई चहाचे कप भरत होती. तिने वर पाहिलं नाही.

त्या खोलीत माझ्या विरुद्ध कोणीच नव्हतं. कोणी दरडावलं असतं तर कदाचित माझं वाक्य बाहेर पडलं असतं. मी त्यातलं सगळ्यांत लहान नाव सांगितलं.

"छान!" सासूबाई म्हणाल्या. "तांदूळही कमी लागतील." सगळे हसले, मीही.

लग्नात मिस्टरांनी ते तांदळात नीट लिहिलं. मात्रा एकदा मोडली, ती बोटाने सारखी केली. ताट हातोहात फिरलं, बायका वाचून माझ्याकडे बघत आणि म्हणत, शोभतंय हं. भिशीच्या काकू मला जवळ घेऊन कानात म्हणाल्या, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मी हो म्हणाले.

मी अजून तिथेच शिकवते. स्कूटर्स दाखवते, पेट्रोल भरते, दोन नावांची ओळ चालवून दाखवते. मुलीचं उदाहरण देत नाही. त्यामुळे त्या ओळीला जास्त वेळ लागतो.

सासरी फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तो सासूबाई उचलतात. लग्नानंतर पंधरवड्याने असेल, बाबांचा फोन आला. मी आत कणीक मळत होते. सासूबाई त्यांच्याशी हवापाण्याचं बोलल्या, मग हसून मला म्हणाल्या, "ये गं, तुझे बाबा. किती छान घेतात तुझं नवं नाव! माझ्याच तोंडात अजून बसलेलं नाही."

मी हात पुसून रिसीव्हर घेतला. पलीकडे क्वार्टर्सजवळच्या पीसीओचा आवाज होता, स्कूटर्सचा, कोणाच्या तरी सायकलच्या घंटीचा. मी हॅलो म्हणाले. आता फोनवर मीच आहे, हे त्यांना कळलं होतं. आता ते कुठल्याही नावाने बोलवू शकत होते. मी थांबले.

"हं," बाबा म्हणाले. "बेटा. जेवलीस का?"