ह्या बोटांना काय कळणार

मॅडमनी माझं मनगट धरलं आणि हात टेबलावरून बाजूला केला. बोटांना न शिवता.

"मावशी, तुम्ही नको. मॉडेलला डाग पडेल. आणि ह्या बोटांना काय कळणार?"

टेबलावर रबराची छाती होती. आत लपवलेल्या गाठी. दाबून शोधायच्या. स्तनाचा कॅन्सर वेळेत कसा ओळखायचा ते शिकवायला शहरातल्या बायकांचं एक मंडळ आमच्या काजूच्या कारखान्यात आलं होतं.

वीस वर्षं काजू फोडतेय. टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडलीत, सालं निघतात. पण किडका गर मी न बघता बाजूला काढते. मागे जाऊन बसले. कुणीतरी हसली.

मंडळानं आमच्यातून एक आरोग्यसखी निवडली. सुलभा. ऑफिसात हजेरी लिहिणारी. तिला बॅज मिळाला, मॅडमबरोबर फोटो निघाला. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ती सांगायची, गाठ दुखत नसली तरी डॉक्टरला दाखवा. मी तिच्याकडे पाठ करून जेवायची. जळत होते मी. तिच्या बॅजवर, तिच्या स्वच्छ नखांवरसुद्धा. ती सांगते ते बरोबर आहे हे कळत होतं, म्हणून जास्तच.

माझ्या शेजारी जुबेदा बसायची. भाट्ये गावची. एक दिवस काजू फोडता फोडता हळूच म्हणाली, "काय गो, काखेजवळ काजूएवढं कायतरी लागतंय हाताला. दुखत नाय. सुलभाला विचारू?"

"दुखत नाय तर कशाला घाबरतेस? वयात होतं असं. आणि ती काय डॉक्टरीण लागून गेली?"

जुबेदा हसली. "बरं बाय, तू म्हणतेस तर नाय विचारत."

दुखत नसली तरी. हे शब्द मी दर शनिवारी ऐकत होते. पाठ फिरवली म्हणून कान बंद होत नाहीत.

जुबेदा दवाखान्यात गेली तोवर सात महिने गेले होते. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. तिनं माझं नाव घेतलं नाही.

ती वारल्यावर मंडळ पुन्हा आलं. तेच टेबल, त्याच मॅडम. "मावशी, तुम्ही जरा मागे."

मी हलले नाही. "डाग पडला तर पडू दे," म्हटलं आणि दोन्ही हात रबरावर ठेवले. डोळे मिटले. चार गाठी होत्या. चारही सापडल्या. सुलभा म्हणाली, "काकी, चौथी मला पण लागली नव्हती." ते ऐकून मला बरं वाटलं. जुबेदाला जाऊन महिना झाला नव्हता, आणि मला बरं वाटलं.

आता काम करता करता माझ्या रांगेतल्या बायकांशी मी गाठीबद्दल बोलते. बॅज सुलभाकडेच आहे. अजून सलतो.

जुबेदाची मुलगी नजमा भाट्यालाच असते. मातीच्या दिवशी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "खाला, अम्मीचा तुमच्यावर लय भरवसा होता." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

येत्या रविवारी तिच्याकडे जाणार आहे. तिच्या आईला मी काय सांगितलं होतं ते आधी सांगणार, शब्दाला शब्द. मग गाठ कशी बघायची ते दाखवणार. आईला कॅन्सर झाला म्हणजे तिनं तर डॉक्टरकडून तपासून घ्यायलाच हवं. तिनं हाकललं तर दारात उभी राहून सांगेन. तोंडावर थुंकली तरी. ती तपासायला जाते म्हणेपर्यंत पायरी सोडणार नाही.