मुळावरची पोरगी

टिकाराम गुरुजी लाखांदूरला गणित शिकवत. खोटा आकडा त्यांच्या तोंडून निघत नसे, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. त्यांची मुलगी चंद्रकला जन्मली तेव्हा कुंडली मांडायला जोशीबुवांनी वेळ विचारली. गुरुजींनी घड्याळातली खरी वेळ सांगून टाकली. पोरगी मूळ नक्षत्रावर निघाली. अशी सून सासऱ्याच्या जिवावर उठते, असं मानणाऱ्या मुलखात बापाचा हा शहाणपणा!

१९७४ साली कारध्याचं स्थळ आलं. मुलगा ग्रामसेवक, चंद्रकलेला मनातून आवडलेला. कुंडली पाहताच त्याचे वडील केशवरावांनी ती मिटून परत केली.

गुरुजी समजावू लागले, "नक्षत्रं सत्तावीस. चंद्र एकेकात सुमारे एक दिवस राहते. म्हणजे सत्तावीस पोरींमागं एक मुळावरची असणारच जी! तितक्या घरचे सासरे मेले का?"

"हिशोब बरोबर हाय गुरुजी," केशवराव म्हणाले. "पण त्या एकीचा सासरा मीच काहून होऊ?"

त्यांची बायको रत्नाबाई फणकारली, "आमच्या कारध्यात मुळावरची सून एकबी नाही, बाप्पा!"

गुरुजींनी मनातल्या मनात आकडा मांडला. एवढ्या गावात एकही नाही? हे तर गणितात बसतच नव्हतं. म्हणजे घरोघरच्या बापांनी जन्मवेळ सरकवली होती. कुणी तासभर, कुणी अर्धा दिवस. न सरकवणारा हा एकच गाढव, पुढ्यातला चहा निववत बसलेला.

मग राहिली सासरा नसलेली घरं. अशा पोरींसाठी लोक तीच धुंडाळतात. सेवकराम मिळाला: बाप वारलेला, पहिली बायको वारलेली, स्वतः चाळिशीचा आणि पिणारा. चंद्रकला नाही म्हणाली नाही. तिला विचारलं होतं कोणी?

चार वर्षांनी ती बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा दंडावर वळ होते. एका सकाळी तिला मुलगी झाली. गुरुजींनी पंचांग उघडलं. मूळच. दुपारी संपणारं.

संध्याकाळी त्यांनी टोपी घातली. "चंद्रे, जोशीबुवाले दुपारचे तीन सांगून येतो. तवा मूळ सुटलं होतं."

भिंतीकडे तोंड करून निजलेली चंद्रकला वळली नाही.

"मग माह्या वेळेस काय झालं होतं, बाबा?"

गुरुजींनी उंबऱ्यातच टोपी काढली. आत पोर रडायला लागलं.

"जा ना," ती म्हणाली. "जोशीबुवा जेवले का लगेच निजतात."